रेडिओग्रामचं पोट उघडण्याआधी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालात जुन्या वाजत्या पेट्या फार आल्या. वाड्यातला रेडिओग्राम, माळ्यावरचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ, एका धाब्यावरचा ज्यूकबॉक्स (बटण दाबून हवी ती तबकडी वाजवणारी पेटी). मागणी सगळ्यांची एकच : पेटी तीच राहावी आणि गाणी मोबाईलवरून, वायरविना वाजावीत.

प्रश्न : आजोबांच्या वेळचा सागवानी रेडिओग्राम वीसेक वर्षं धान्याच्या खोलीत पडून होता. आत उंदरांचं घर, तबकड्यांचं यंत्र जाम, रेडिओ मुका. गावातला मिस्त्री म्हणतो, आतलं सगळं भंगारात द्या, दोन नवे स्पीकर आणि ब्लूटूथ किट टाकून देतो. टाकू द्यावं का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : किट टाकू द्या, भंगाराचं मात्र राहू द्या. आणि त्याही आधी एक काम करू नका : ‘लागतो का पाहू’ म्हणून प्लग लावू नका. आतले मोठे कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकून शॉर्ट झालेले असतात. वीज दिली की सगळा भार मेन ट्रान्सफॉर्मरवर येतो आणि तो जळतो. बाकी सगळं मिळेल, पण तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा तसाच मिळत नाही. कोणी कालच प्लग लावून पाहिला असेल तर कंडेन्सरमध्ये 250 ते 300 व्होल्ट बसलेले असू शकतात. प्लग काढलेला आहे ना हे बघा, मग 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या प्लस टोकाला आणि चासीला (सगळे भाग ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर बसवलेले असतात, ती) दहा सेकंद लावून धरा, मल्टीमीटरने शून्य झाल्याची खात्री करा, तेव्हाच हात घाला.

उंदरांची घाण कोरडी झाडू नका. धूळ नाकात जाते आणि ती धूळ साधी नसते. मास्क, हातमोजे, फिनेलच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं. आधी ओलं करा, मग उचला.

आता चासी. बहुतेक पेट्यांत ती खालून चार बोल्टांवर असते. पुढचे नॉब ओढून निघतात किंवा त्यांच्या बाजूला बारीक स्क्रू असतो. प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी बांधा, मोबाईलवर फोटो काढा आणि अख्खी चासी व्हॉल्व्हसकट सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पुढे कोणाला मूळ रेडिओ जिवंत करावासा वाटला तर तो करता आला पाहिजे. म्हणून पेटीला एकही नवं भोक पाडायचं नाही. 6 मिमीची प्लायवूडची फळी चासीच्याच मापाची कापा, त्याच चार बोल्टांवर बसवा आणि नवं सगळं सामान त्या फळीवर चढवा.

मिस्त्री काढायला निघालाय तो स्पीकरच खरं तर पेटीतला सगळ्यात कामाचा भाग. हलक्या कागदी पडद्याचा तो आठ-दहा इंची स्पीकर दोन-तीन वॅटवर अख्खी बैठक भरतो, कारण तो बांधलाच होता कमी ताकदीच्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरसाठी. आजचा जड पडद्याचा कार स्पीकर त्या जागी बसवलात तर तेवढ्याच आवाजाला कितीतरी जास्त वॅट खाईल आणि उघड्या पाठीच्या पेटीत पोकळ वाजेल. स्पीकर आधी तपासा. मागच्या चुंबकाला स्क्रूड्रायव्हर लावा. ओढला गेला तर कायमचा चुंबक आहे, काम सोपं. ओढलाच नाही आणि मागून दोन जादा वायरी निघत असतील तर ती ‘फील्ड कॉइल’ : पूर्वी रेडिओची वीजच तिला चुंबक बनवायची. असा स्पीकर नव्या अॅम्प्लिफायरवर जेमतेम कुजबुजतो. तेव्हा तो जपून ठेवा आणि त्याच मापाचा हलक्या कागदी पडद्याचा चुंबकवाला स्पीकर शोधा.

चुंबक असेल तर दोन्ही अंगठ्यांनी पडदा अलगद, सारखा दाबा. घासल्याची खरखर नको. फाटलेल्या जागी पतंगाचा कागद, फेविकॉल निम्मं पाणी घालून पातळ केलेला, दोन्ही बाजूंनी एकेक थर. जाड कागद किंवा चिकटपट्टी लावू नका, पडदा जड होऊन आवाज बसतो. स्पीकरवर किंवा शेजारी एक लहान ट्रान्सफॉर्मर असेल, तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. नवा अॅम्प्लिफायर त्याला जोडायचा नाही. तो जागेवर राहू द्या आणि नव्या वायरी थेट स्पीकरच्या दोन टोकांना द्या. जुन्या वायरी सोडवून बांधून ठेवा. मल्टीमीटरने त्या टोकांत 3.2 ओहमच्या वर भरलं तर तो साधारण 4 ओहमचा स्पीकर. कमी भरलं तर 1 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टन्स ओळीत घाला.

सामान इतकंच : टीपीए 3110 चिपचा अॅम्प्लिफायर बोर्ड (8 ते 26 व्होल्टवर चालतो), 12 व्होल्ट 3 अँपिअरचा अॅडॅप्टर, 5 व्होल्टवर चालणारा साधा ब्लूटूथ रिसीव्हर बोर्ड, 12 चे 5 व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, बी 0505 एस नावाचा बोटाच्या पेराएवढा आयसोलेटर, आवाज कमी-जास्त करणारा 10 के (किलोओहम) लॉग पॉट, 2200 मायक्रोफॅरड 25 व्होल्ट कंडेन्सर, 3 अँपिअर फ्यूज. नागपूरला सीताबर्डीत किंवा ऑनलाइन, दोन्हीकडे मिळतं.

जोडणी करताना तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला : रिसीव्हरचे डावा-उजवा दोन्ही चॅनल एकाच स्पीकरवर आणायचे म्हणून त्या दोन वायरी सरळ पिळून टाकतात. मग एक चॅनल दुसऱ्याच्या आउटपुटला ढकलत बसतो आणि आवाज फाटतो. प्रत्येक वायरीत 1 के रेझिस्टन्स घाला, मग जोडा, आणि अॅम्प्लिफायरचा एकच चॅनल वापरा. दुसरा : या बोर्डाचं स्पीकरचं मायनस टोक म्हणजे ग्राउंड नव्हे. दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. ते टोक स्पीकरच्या लोखंडी सांगाड्याला किंवा अॅडॅप्टरच्या मायनसला लागलं की चिप गेली. तिसरा : आजच्या गाण्यांतला खोल बास या पडद्याला झेपत नाही, तो थाडथाड आपटतो. दोन रेझिस्टन्स जिथे एकत्र येतात तिथून पॉटकडे जाताना 0.22 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ओळीत घाला. 80 हर्ट्झच्या आसपास खालचा भाग उतरतो. ढोल-ताशाच्या शौकिनांना हा कंडेन्सर आवडणार नाही, स्पीकर मात्र दुवा देईल.

जुना व्हॉल्यूम पॉट 500 के किंवा 1 मेगचा असतो. इथे तो चालत नाही, अर्ध्या फेऱ्यात काहीच वाढत नाही आणि शेवटी एकदम भडका. तो चासीबरोबर जपून ठेवा आणि त्याच भोकात नवा 10 के बसवा. नव्या पॉटची दांडी बहुधा 6 मिमी आणि जुना नॉब पाव इंचाचा, म्हणजे 6.35 मिमीचा. दांडीवर तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक वेढा दिला की नॉब डुलत नाही.

डायलमागचे दिवे बदलताना पांढरे फक्क एलईडी लावू नका, बैठकीत दवाखाना दिसतो. पिवळसर प्रकाशाचे तीन एलईडी एका ओळीत आणि 330 ओहम रेझिस्टन्स, 12 व्होल्टवर 9 मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. तेवढाच उजेड तिथे शोभतो.

प्रश्न : सगळं जोडलं. गाणं वाजतं, पण गाण्यामागे बारीक ‘चींऽऽ’ आवाज येत राहतो, मोबाईल जोडला-तोडला की त्याची पट्टी बदलते. आवाज वाढवला की मध्येच सगळं बंद पडून पुन्हा सुरू होतं.
– आर्वी, जि. वर्धा

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. ‘चीं’ येते कारण ब्लूटूथ बोर्ड आणि अॅम्प्लिफायर एकाच मायनसवर उभे आहेत, आणि ब्लूटूथची विजेची उचल ऑडिओच्या ग्राउंडमधून फिरते. बी 0505 एस आयसोलेटर बक कन्व्हर्टर आणि ब्लूटूथ बोर्ड यांच्या मध्ये घाला, म्हणजे दोघांचा संबंध फक्त ऑडिओच्या वायरीतून उरेल. तो 1 वॅटचा, म्हणजे 200 मिलिअँपिअर देणारा असतो. डिस्प्ले आणि रिमोटवालं मोठं पॅनेल त्याच्यावर चालवू नका, त्याला वेगळा मोबाईल चार्जर द्या. बंद पडणं अॅडॅप्टरचं आहे. 1 अँपिअरचा लावला असणार. बासच्या ठोक्याला व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रीसेट होतो. 3 अँपिअरचा घ्या आणि 2200 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अॅम्प्लिफायरच्या अगदी टोकांवर लावा, अॅडॅप्टरजवळ नव्हे.

गाणं तुटत-तुटत येत असेल तर ब्लूटूथ बोर्ड कुठे आहे ते बघा. लाकडातून लहरी जातात, लोखंडातून नाही. बोर्डाची नागमोडी छापील अँटेना धातूपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर, पेटीच्या पुढच्या बाजूला हवी.

प्रश्न : आमचा व्हॉल्व्हचा टेबल रेडिओ अजून वाजतो. तो न मोडता त्यातच मोबाईलची गाणी वाजवता येतील का?
– मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. उत्तर तिथेच आहे.

पहिलं अक्षर ई असेल (ईसीएच 81, ईएल 84 असे) आणि आत मेन ट्रान्सफॉर्मर असेल तर वाजता रेडिओ मोडणं हे पापच. पाठीमागे ‘पीयू’ लिहिलेली किंवा तबकडीचं चित्र असलेली दोन भोकं असतात, ती ग्रामोफोनसाठीची. ब्लूटूथ रिसीव्हर वेगळ्या चार्जरवर ठेवा, त्याच्या डाव्या-उजव्या वायरीत प्रत्येकी 4.7 के घालून एकत्र करा आणि त्या भोकांत द्या. बँडचा खटका ग्रामोफोनवर फिरवा. झालं. त्याआधी एखाद्या जाणत्याकडून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा मेणकागदी कंडेन्सर बदलून घ्या. तो गळू लागला की ईएल 84 ची प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरला घेऊन जाते. नवा 630 व्होल्टचा, जुन्याइतक्याच मायक्रोफॅरडचा.

पहिलं अक्षर यू असेल (यूसीएच, यूएल) तर थांबा. या सेटांत ट्रान्सफॉर्मर नसतो, मेनची एक वायर थेट चासीला. प्लग उलटा बसला की चासीवर फेज, आणि ‘पीयू’त घातलेल्या वायरीतून तीच फेज तुमच्या हातातल्या मोबाईलपर्यंत. अशा सेटला बाहेरची कुठलीही वायर जोडू नका. चासी काढून वर सांगितलेली फळी बसवणं हाच मार्ग.

आणि डी असेल (डीके 96, डीएल 96) तर तो वीज न पोचलेल्या गावांसाठीचा बॅटरी सेट. 90 व्होल्ट आणि 1.4 व्होल्ट अशा दोन बॅटऱ्या त्याला लागायच्या. त्याच्या फिलामेंटला चुकून 12 व्होल्ट लागले तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. चासी काढून ठेवा, पेटी आणि स्पीकर वापरा.

प्रश्न : आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही. फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासाची बॅटरी रेडिओला लावली तर किती वेळ चालेल? आणि लाइन आली की रात्री दोन वाजता पेटी आपोआप सुरू होऊन बोलायला लागते, त्याचं काय?
– ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : मध्यम आवाजात अशी पेटी 3 ते 4 वॅट घेते, म्हणजे 12 व्होल्टवर 0.3 अँपिअर धरा. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून 8 पैकी 4 अँपिअर-तास हाताशी. बारा-तेरा तास सहज. बॅटरी नवी असेल तर. दोन हंगाम पाठीवर फिरलेली असेल तर निम्मे धरा. बॅटरीच्या प्लसलाच, वायरीच्या सुरुवातीला, 3 अँपिअर फ्यूज लावा, आणि 11.5 व्होल्टला तोडणारं कटऑफ मॉड्यूल घाला.

पण एकच बॅटरी दिवसा पंपात आणि संध्याकाळी बैठकीत, असं करू नका. तिच्या अंगावर, टोकांवर, वायरीवर औषधाचा अंश असतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते इथे कोणाला सांगायला नको. पंपातून निवृत्त केलेली बॅटरी असेल तर हातमोजे घालून टोकं झाकून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि मग कायमची रेडिओचीच ठेवा.

लिथियमची वापरायची असेल तर उन्हाळा लक्षात घ्या. लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत दुपारी पेटीच्या आत त्याहून जास्तच होतं. चार्जिंग पहाटे करा. शिशाच्या बॅटरीलाही उष्णता मानवत नाही, 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

रात्री दोन वाजता ‘ब्लूटूथ मोड’ असं इंग्रजीत ओरडणाऱ्या पेटीचा उपाय सोपा : 12 व्होल्टचा रिले (विजेने ओढला जाणारा खटका) आणि एक दाबायचं बटण. रिलेचा कॉन्टॅक्ट रिलेच्याच कॉइलला वीज देतो, म्हणून बटण एकदा दाबलं की तो धरून राहतो. लाइन गेली की सुटतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. कॉइलला उलटा 1 एन 4007 डायोड विसरू नका.

डीपीचा न्यूट्रल तुटला की घरात 230 च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टही येतात. अॅडॅप्टरच्या आधी 1 अँपिअर फ्यूज आणि त्याच्या पुढे फेज-न्यूट्रलमध्ये 14 डी 471 के व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार चढलं की वीज स्वतःतून वाहू देणारा भाग) लावा. असं व्होल्टेज टिकून राहिलं तर व्हॅरिस्टर स्वतः मरतो, फ्यूज उडवतो आणि अॅडॅप्टर वाचतो. 431 के घेऊ नका, रात्री व्होल्टेज चढतं तिथे तो विनाकारण तापतो.

प्रश्न : हायवेवर धाबा आहे. मुंबईच्या भंगारातून एक अमेरिकन ज्यूकबॉक्स आणला, पाटीवर 117 व्होल्ट 60 सायकल लिहिलंय. तबकड्या उचलणारा हात गायब आहे. बटणं दाबून मोबाईलची गाणी वाजावीत आणि दिवे पूर्वीसारखे लागावेत.
– तळेगाव (श्यामजीपंत), जि. वर्धा

उत्तर : आपल्या 230 व्होल्टला थेट लावाल तर धूर निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल (म्हणजे आजचे हर्ट्झ) नाही. 60 च्या जागी 50 सायकलवर मोटर सावकाश फिरते, मिनिटाला 45 फेऱ्यांची तबकडी 37.5 वर रडते. पण तुमचा हातच नाही, तेव्हा यंत्राला ग्रीस लावून, कापड बांधून बाजूला ठेवा. पुढे हात मिळाला तर त्या मोटरला 50 सायकलची पुली लागेल.

आधी काचेच्या नळ्यांकडे बघा. 1946 च्या वुर्लिट्झर 1015 सारख्या मॉडेलांत बुडबुड्यांच्या नळ्या असतात. त्यातलं द्रव मिथिलीन क्लोराइड, 40 अंशांना उकळणारं. म्हणून खाली लहानसा तापवणारा घटक ठेवला की बुडबुडे येतात. विदर्भातल्या मेमध्ये त्याला तापवायची गरजच नाही! नळीला तडा असेल तर वास घेऊ नका, बंद खोलीत ठेवू नका, काढून टाकायचं तर मोकळ्यावर.

स्पीकर बारा इंची आणि चांगले असतील, फील्ड कॉइल नसल्याची खात्री करा. टीपीए 3116 चा 2 × 50 वॅटचा बोर्ड आणि 24 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पुरतो. ट्यूबलाइटच्या जागी पिवळसर एलईडी पट्टी. मीटरला 60 एलईडीवाली साधी पट्टी 4.8 वॅट घेते, 3 मीटरला 12 व्होल्टवर 1.2 अँपिअर. तिला वेगळा 12 व्होल्ट 2 अँपिअरचा पुरवठा द्या.

बटणांसाठी दोन वाटा. सोपी : ब्लूटूथ पॅनेलच्या पुढचं-मागचं-थांबा या तीन बटणांच्या टोकांवरून वायरी काढून ज्यूकबॉक्सच्या पत्तीच्या तीन स्विचांना द्या. स्विचावर जुनी वीज येत नाही हे आधी तपासा. दुसरी : डीएफ प्लेअर मिनी (मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारा लहान बोर्ड) आणि एक आर्डुइनो (बटणं वाचून त्याला हुकूम देणारा बोर्ड). मेमरी कार्ड 32 जीबीपर्यंतचं, फॅट 32, ‘एमपी 3’ फोल्डरात 0001 पासून क्रमांक दिलेली गाणी. बी-7 दाबलं की ठरलेलं गाणं. आर्डुइनोच्या टीएक्स (हुकूम पाठवणाऱ्या) वायरीत 1 के घाला, नाहीतर स्पीकरमध्ये टिकटिक येते. एकाच बोर्डात ब्लूटूथही हवं म्हणून ईएसपी 32 (आर्डुइनोसारखाच, पण ब्लूटूथवाला बोर्ड) घेणार असाल तर मूळ ईएसपी 32 घ्या. एस-3 किंवा सी-3 प्रकारात गाणी वाहून आणणारं क्लासिक ब्लूटूथ नसतं, आणि दुकानदार हे सांगेलच असं नाही.

धाबा म्हणजे व्यवसायाची जागा. तिथे ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद.

प्रश्न : पेटीचा वरचा सागवानी पापुद्रा सुटलाय आणि डायलची काच काळी पडलीय. काच साबणाने धुतली तर चालेल?
– सडक अर्जुनी, जि. गोंदिया

उत्तर : काच पुढून पुसा, मागून पाणी लावू नका. स्टेशनांची नावं मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात आणि साठ वर्षांनंतर तो रंग ओल्या बोटाबरोबर निघून येतो. मागची धूळ फक्त मऊ ब्रशने.

पापुद्रा जुन्या सरसाने चिकटवलेला असतो आणि सरस उष्णतेने पुन्हा मऊ होतो. वर ओलसर सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबा, मग लगेच सपाट फळी आणि वर ज्वारीचं अर्धं पोतं, रात्रभर. इस्त्रीच्या वाफेने वरचं पॉलिश पांढरं पडलं तर घाबरू नका. कोपऱ्यात स्पिरीटचा बोळा लावून पाहा, पॉलिश चिकट झालं तर ते चपडा लाखेचं आहे. स्पिरीटमध्ये विरघळवलेल्या त्याच लाखेचे दोन-तीन पातळ हात दिले की पांढरेपणा जातो. बोळा घासत राहू नका, एकदाच सरळ ओढा.